उभ्या नळाचे आयुष्य : मुंबई हाय ते खोल समुद्र – रायझर आणि धातूचा शिणवटा यांचा ऐतिहासिक आढावा

सारांश : समुद्रतळावरील तेल व वायू पृष्ठभागावर आणणाऱ्या उभ्या नळास तेलउद्योगात 'रायझर' म्हणतात. प्रस्तुत निबंधात मुंबई हाय, उरण व पनवेल या परिसराच्या संदर्भात रायझरच्या विकासाचा आणि धातूच्या शिणवट्याविषयीच्या ज्ञानाचा आढावा घेतला आहे. उथळ समुद्रातील आधार असलेल्या रायझरकडून खोल समुद्रातील झोळ घेणाऱ्या पोलादी रायझरकडे झालेला प्रवास हा मुळात 'सामर्थ्य' या कल्पनेकडून 'आयुष्य' या कल्पनेकडे झालेला प्रवास आहे आणि त्या आयुष्याचा हिशेब नोंदींवाचून करता येत नाही, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : रायझर, मुंबई हाय, धातूचा शिणवटा, कॅटेनरी, उरण, पनवेल.

१. प्रस्तावना

नवी मुंबईचा इतिहास लिहिताना सिडकोची १९७० मधील स्थापना, भूसंपादन, नियोजित उपनगरे आणि न्हावा-शेवा येथील बंदर यांचा विचार प्रामुख्याने केला जातो. याच परिसराचे समुद्रातील तेलउद्योगाशी असलेले नाते मात्र फारसे चर्चेत येत नाही. उरण येथे मुंबई हायचे तेल व वायू किनाऱ्याला लागतात, न्हावा येथून समुद्रातील प्लॅटफॉर्मना सामग्री जाते आणि पनवेल येथे त्या प्लॅटफॉर्मच्या बळकटीचा अभ्यास होतो. ही तिन्ही ठिकाणे नवी मुंबईच्या कुशीतच आहेत.

या उद्योगातील एक साधा दिसणारा घटक म्हणजे रायझर. विहीर, प्लॅटफॉर्म व किनाऱ्याकडे जाणारी वाहिनी यांच्या तुलनेत तो लहान असतो. तथापि समुद्रतळाची स्थिर वाहिनी आणि लाटांच्या पट्ट्यातील रचना यांना जोडणारा दुवा तोच होय. समुद्राची सर्व अस्वस्थता त्याला सोसावी लागते आणि तो तुटला तर आतील दाबाखालचा वायू थेट माणसांच्या वस्तीत शिरतो. म्हणूनच रायझरचा इतिहास हा केवळ तंत्राचा इतिहास राहत नाही. तो प्लॅटफॉर्मवर राहणाऱ्या माणसांच्या सुरक्षिततेचाही इतिहास ठरतो.

२. मुंबई हाय, उरण आणि पनवेल

१९६० च्या दशकात सोव्हिएत सहकार्याने झालेल्या भूकंपीय सर्वेक्षणातून मुंबईच्या वायव्येस समुद्राखाली तेलधारक रचना असण्याची शक्यता पुढे आली. जपानमध्ये बांधलेल्या 'सागर सम्राट' या रिगने फेब्रुवारी १९७४ मध्ये तेथे तेल शोधून काढले. लगेचच, २१ मे १९७६ रोजी, प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाले. आरंभी तेल टँकर जहाजांतून आणले जाई. १९७८ मध्ये समुद्रतळावरून उरणपर्यंत सुमारे दोनशे किलोमीटर लांबीच्या वाहिन्या कार्यान्वित झाल्या आणि उरणचे रूप पालटले. उरणचे वायुआधारित वीजनिर्मिती केंद्र आणि अलिबागजवळील थळ येथील खतप्रकल्प हे याच वायूवर उभे राहिले.

मुंबई हाय येथे पाण्याची खोली सुमारे ७५ मीटर आहे. एवढ्या खोलीत पोलादी नळ्यांचा सांगाडा समुद्रतळात खिळवून त्यावर प्लॅटफॉर्म उभारता येतो. या सांगाड्यास 'जॅकेट' म्हणतात. रायझर जॅकेटच्या पायाशी लागून वर येतो आणि ठरावीक अंतरावर पट्ट्यांनी त्यास जखडलेला असतो. घराच्या भिंतीला लावलेल्या पाण्याच्या नळाशी त्याची तुलना करता येईल. भिंत उभी आहे तोवर नळ उभा, अशी ही व्यवस्था होय. अर्थात येथे रायझरचा स्वतंत्र विचार करण्याची गरज मर्यादित होती. मुख्य प्रश्न जॅकेटच्या बळकटीचा होता.

१९८३ मध्ये तेल व नैसर्गिक वायू आयोगाने (ओएनजीसी) पनवेल येथे अभियांत्रिकी व सागरी तंत्रज्ञान संस्था स्थापन केली. समुद्रतळाच्या मातीची परीक्षा, प्लॅटफॉर्मच्या रचनेचे विश्लेषण, गंज व जोडकाम यांचा अभ्यास ही तिची कार्यक्षेत्रे होत. परदेशी सल्लागारांकडून आलेल्या आराखड्यांवर अवलंबून असलेल्या उद्योगाला स्वतःचा हिशेब स्वतः मांडता यावा, ही त्यामागील भूमिका होती. मुंबई हायचे जुने प्लॅटफॉर्म साधारणतः २५ वर्षांच्या आयुष्यासाठी आखलेले होते. तो कालावधी उलटल्यावर 'हा प्लॅटफॉर्म आणखी किती वर्षे वापरता येईल?' हा प्रश्न निर्माण झाला. या प्रश्नाचे उत्तर केवळ ताकदीच्या गणिताने मिळत नाही. त्यासाठी धातूच्या शिणवट्याकडे वळावे लागते.

३. शिणवट्याच्या ज्ञानाचा इतिहास

लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही; तीच पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. एका वेळी सहज पेलणारा भार लक्षावधी वेळा आला तर धातूत सूक्ष्म तडा जातो, तो हळूहळू वाढतो आणि एके दिवशी उरलेला भाग अचानक तुटतो. यालाच धातूचा शिणवटा अथवा फटीग म्हणतात.

या ज्ञानाचा उगम खाणींत व लोहमार्गांवर झाला. जर्मनीतील क्लाउस्थाल येथील खाण-अधिकारी विल्हेल्म आल्बर्ट यांनी खाणीतील साखळ्यांवर पुनःपुन्हा भार देऊन केलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष १८३७ मध्ये प्रसिद्ध केले. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायनजीक इंजिनाचा आस तुटून भीषण रेल्वे अपघात झाला आणि हा विषय सर्वांसमोर आला. मुंबई-ठाणे लोहमार्ग सुरू झाला ते साल १८५३. त्याच सुमारास युरोपातील अभियंते चांगल्या लोखंडाचे आस का तुटतात या कोड्यात गुंतले होते. प्रशियातील रेल्वे अभियंता ऑगस्ट व्होलर यांनी १८५० ते १८७० या काळात केलेल्या दीर्घ प्रयोगांतून याचे पद्धतशीर उत्तर दिले. प्रतिबल, म्हणजे धातूच्या एकक क्षेत्रावर येणारा अंतर्गत जोर, किती प्रमाणात वर-खाली होतो आणि अशी किती आवर्तने धातू सोसतो, यांचा संबंध त्यांनी दाखवून दिला. आजचा 'एस-एन आलेख' हा त्याच कामाचा वारसा होय.

परंतु समुद्रातील लाटा एका मापाच्या नसतात. लहान-मोठ्या आवर्तनांची बेरीज कशी करावी, याचा नियम पामग्रेन यांनी १९२४ मध्ये आणि मायनर यांनी १९४५ मध्ये मांडला. प्रत्येक आवर्तन धातूच्या आयुष्याचा एक अंश खर्च करते. सर्व अंशांची बेरीज एक झाली की आयुष्य संपले, असे त्याचे सूत्र आहे. हा नियम एखाद्या खतावणीसारखा आहे. झालेला खर्च त्यात कायम राहतो, कधीही पुसला जात नाही.

समुद्राच्या संदर्भात या खतावणीचा आकार लक्षात घेण्याजोगा आहे. सरासरी आठ सेकंदांस एक लाट धरली तर दिवसाला १०,८०० आणि वर्षाला सुमारे ३९ लाख लाटा होतात. पंचवीस वर्षांत ही संख्या दहा कोटींच्या जवळ जाते. जोडकामाच्या सांध्यांसाठी सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या आलेखानुसार, प्रतिबलातील फरक दुप्पट झाला तर आयुष्य साधारण एक-अष्टमांश उरते. फरक केवळ दहा टक्क्यांनी वाढला तरी आयुष्य जवळजवळ एक-चतुर्थांशाने घटते. त्यात खाऱ्या पाण्याने गंज चढू लागला तर धातूची सहनशक्ती आणखी कमी होते. अंदाजातील लहान चूक येथे मोठी ठरते, ती यामुळेच.

२७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रातील 'अलेक्झांडर किलँड' हे तरंगते निवासी प्लॅटफॉर्म उलटले आणि १२३ माणसे मृत्युमुखी पडली. एका आडव्या नळीवर ध्वनिग्राहक उपकरण बसवण्यासाठी केलेल्या किरकोळ जोडकामापासून शिणवट्याचा तडा सुरू झाला होता. चौकशीत त्या तड्याच्या आत रंगाचे अंश सापडले. याचा अर्थ असा, की प्लॅटफॉर्म कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वीच तडा अस्तित्वात होता आणि त्यावर रंग चढवला गेला होता. इतिहासाच्या अभ्यासकास येथे एक परिचित गोष्ट दिसेल. कागदपत्रे गप्प होती, पण धातूने पुरावा जपून ठेवला होता.

४. २७ जुलै २००५

शिणवटा हा हळूहळू येणारा शत्रू होय. मुंबई हाय येथे मात्र रायझरवर आघात एकाच क्षणी झाला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई ठप्प झाली. दुसऱ्याच दिवशी, खवळलेल्या समुद्रात, 'समुद्र सुरक्षा' या बहुउद्देशीय जहाजावरील एका जखमी स्वयंपाक्यास उपचारांसाठी मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर हलवण्यात येत होते. हवामानामुळे हेलिकॉप्टरचा पर्याय उपलब्ध नव्हता. जखमीस क्रेनने वर घेतल्यानंतर जहाज लाटांच्या जोराने प्लॅटफॉर्मकडे ढकलले गेले आणि बाहेरच्या बाजूस असलेल्या रायझरवर आदळले. फुटलेल्या रायझरमधील वायूने पेट घेतला. सुमारे दोन तासांत प्लॅटफॉर्म नष्ट झाला. प्लॅटफॉर्म, शेजारील रिग व जहाज मिळून ३८४ माणसे तेथे होती. त्यांपैकी ३६२ वाचली आणि २२ जणांनी प्राण गमावले अथवा ते कायमचे बेपत्ता झाले. पेटलेले जहाजही पुढे १ ऑगस्ट रोजी बुडाले.

या दुर्घटनेस शिणवटा कारणीभूत नव्हता, हे स्पष्टपणे नमूद केले पाहिजे. तरीही रायझरच्या इतिहासात तिचे स्थान मध्यवर्ती आहे, कारण रायझर कोठे असावा, त्याचे रक्षण कशापासून करावे आणि तो तुटल्यास मागचा वायू कसा रोखावा, हे तिन्ही प्रश्न तिने पुढे आणले. उत्तर समुद्रातील 'पाइपर अल्फा' प्लॅटफॉर्मवर ६ जुलै १९८८ रोजी वायूचे रायझर फुटल्यानेच आगीने अक्राळविक्राळ रूप धारण केले होते आणि त्या दुर्घटनेत १६७ माणसे दगावली होती. तेथे रायझरवरील आपत्कालीन झडपांचा आग्रह त्यानंतरच धरला गेला. भारतात २००८ मध्ये समुद्रातील तेल व वायू कामांच्या सुरक्षिततेविषयी स्वतंत्र नियम लागू झाले आणि तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे त्यांच्या अंमलबजावणीची जबाबदारी आली.

२००५ च्या घटनेतून असे दिसते, की आराखड्यात लाटांचा हिशेब होता, मात्र माणसाच्या रोजच्या हालचालींचा, म्हणजे जहाजांच्या ये-जा करण्याचा, हिशेब तितका पक्का नव्हता. समुद्राबरोबरच माणसाने समुद्रात आणलेली हलती वस्तू हाही रायझरवरील भारच असतो. खोल समुद्रात ही बाब अधिकच महत्त्वाची ठरते, कारण तेथे रायझर त्या हलत्या वस्तूलाच टांगलेला असतो.

५. झोळ घेणारा नळ

पाणी काही शे मीटरांहून खोल झाले की समुद्रतळापासून उभारलेला सांगाडा आर्थिकदृष्ट्या परवडत नाही. त्याऐवजी तरंगते प्लॅटफॉर्म अथवा जहाज नांगरून ठेवले जाते. आता रायझरला टेकण्यासाठी भिंतच उरत नाही. या अडचणीवर शोधलेला एक उपाय म्हणजे पोलादी कॅटेनरी रायझर. तरंगत्या प्लॅटफॉर्मला वरचे टोक अडकवून नळ मोकळा सोडला जातो. तो स्वतःच्या वजनाने झोळ घेत खाली जातो, समुद्रतळाला अलगद टेकतो आणि पुढे वाहिनी म्हणून तळावर पसरतो.

दोन टोकांना अडकवलेली दोरी कोणता वक्र घेते, हा प्रश्न जुना आहे. गॅलिलिओने १६३८ मधील आपल्या ग्रंथात त्याची तुलना अन्वस्ताशी, म्हणजे फेकलेल्या दगडाच्या मार्गाशी, केली होती. याकोब बर्नुली यांनी १६९० मध्ये हे कोडे गणितज्ञांपुढे ठेवले आणि १६९१ मध्ये लायब्निट्स, हायगेन्स व योहान बर्नुली यांनी त्याची उत्तरे प्रसिद्ध केली. कॅटेनरी हे नाव साखळी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीचे हे गणित तीनशे वर्षांनी तेलाच्या नळाला उपयोगी पडले. मेक्सिकोच्या आखातातील 'ऑगर' प्लॅटफॉर्मवर, सुमारे ८७० मीटर खोल पाण्यात, १९९४ मध्ये असे रायझर प्रथम वापरात आले. मुंबई हायच्या तुलनेत ही खोली अकरा पटींहून अधिक होती. त्यानंतर ब्राझीलच्या पेट्रोब्रास कंपनीने मार्लिम क्षेत्रातील पी-१८ या अर्धनिमग्न प्लॅटफॉर्मवर १९९८ मध्ये हा प्रकार वापरला. १९९८ मध्येच अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने तरंगत्या प्लॅटफॉर्मच्या रायझरविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली.

या रायझरची रचना सोपी असली तरी त्याचे आयुष्य ठरवणे कठीण आहे. त्याची कारणे मुख्यत्वे चार आहेत. पहिले असे, की प्लॅटफॉर्म लाटांबरोबर वर-खाली होतो तेव्हा नळ समुद्रतळाला जेथे टेकतो तो स्पर्शबिंदू पुढे-मागे सरकतो. नळाचा तोच भाग पुन्हा पुन्हा वाकतो व सरळ होतो. हाताने वाकवलेल्या तारेची स्थिती हीच होय. दुसरे कारण सागरी प्रवाहाचे आहे. नळाभोवतीने वाहणाऱ्या पाण्यात आळीपाळीने दोन्ही बाजूंना भोवरे सुटतात आणि नळ थरथरू लागतो. वाऱ्यात तार गुणगुणते तसाच हा प्रकार असून तो आटोक्यात ठेवण्यासाठी नळावर मळसूत्राच्या आकाराच्या पट्ट्या बसवतात. तिसरे कारण जोडकामाचे होय. नळाचे तुकडे गोलाकार सांध्यांनी जोडलेले असतात. सांध्यातील सूक्ष्म दोष अथवा दोन तुकड्यांच्या कडांतील किंचित फरक हेच तड्याचे उगमस्थान ठरू शकते. चौथे कारण मातीचे. मऊ चिखलात नळ हळूहळू स्वतःसाठी चर खणतो आणि चिखल त्याला ओढून धरतो. त्यामुळे वाकण्याचे प्रमाण बदलते. हा परिणाम समजून घेण्यासाठी इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील वॉचेट बंदराच्या चिखलात ११० मीटर लांबीचा नळ टाकून चाचण्या घेण्यात आल्या होत्या.

विश्लेषक संगणकावर लाटांच्या अनेक स्थिती, दिशा व प्रवाह यांचा विचार करून प्रत्येक सांध्याचा खर्च मोजतो आणि आयुष्याचा आकडा काढतो. जेथे तपासणी करणे अवघड आणि तुटण्याचे परिणाम गंभीर, तेथे हिशेबातील आयुष्य प्रत्यक्ष वापराच्या दहा पट असावे, असा संकेत आहे. म्हणजे २५ वर्षे वापरावयाच्या रायझरचे हिशेबातील आयुष्य २५० वर्षे भरले पाहिजे. हा दहाचा गुणक म्हणजे आपल्या अज्ञानाची अभियंत्यांनी दिलेली प्रांजळ कबुलीच होय. त्याचा अर्थ चैनीसाठी ठेवलेली शिल्लक असा करणे धोक्याचे ठरेल.

६. भारतीय खोल समुद्र आणि नवी मुंबईपुढील प्रश्न

भारताचा खोल समुद्रातील प्रवेश पश्चिम किनाऱ्यावर नव्हे, तर पूर्व किनाऱ्यावरील कृष्णा-गोदावरी खोऱ्यात झाला. तेथील केजी-डी६ क्षेत्रातून सप्टेंबर २००८ मध्ये तेल व एप्रिल २००९ मध्ये वायू मिळू लागला. हे क्षेत्र विकसित करणाऱ्या रिलायन्सचे मोठे कार्यालयीन संकुल नवी मुंबईत घणसोली येथे आहे. तेथील एमए क्षेत्रात सुमारे १२०० मीटर खोल पाण्यातून तरंगत्या जहाजावर तेल घेतले गेले. ७ जानेवारी २०२४ रोजी ओएनजीसीनेही याच खोऱ्यातील ९८/२ गटातून खोल समुद्रातील तेलाचे उत्पादन सुरू केले. जहाजाच्या आकाराचे उत्पादन-तळ लाटांवर अधिक डोलतात आणि ही हालचाल साध्या पोलादी झोळाला मानवत नाही. अशा ठिकाणी अनेक थरांचे लवचीक नळ अधिक सोयीचे ठरतात. पोलादी रायझर स्वस्त, उच्च दाब पेलणारा व मोठ्या व्यासात मिळणारा असला, तरी त्याची निवड तरंगत्या तळाच्या स्वभावावर अवलंबून असते, हे यावरून ध्यानात येते.

या बदलाने पनवेल-उरण परिसरात साठलेल्या ज्ञानापुढे एक वेगळे आव्हान उभे केले आहे. मुंबई हाय येथे चार दशकांत मिळालेला अनुभव स्थिर जॅकेट, उथळ पाणी आणि नैर्ऋत्य मोसमी लाटा यांचा आहे. बंगालच्या उपसागरात चक्रीवादळे, तीव्र प्रवाह व नदीमुखांचा मऊ गाळ यांचा सामना करावा लागतो. तेथे जुने आकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. जुन्या अनुभवातून जे नेता येईल ते आकडे नसून सवय आहे. प्रत्येक प्लॅटफॉर्मच्या लाटांची, दुरुस्त्यांची, गंजाची व पाणबुड्यांच्या तपासणीची नोंद ठेवण्याची ती सवय होय. आयुष्यमर्यादा ओलांडलेल्या जॅकेटला मुदतवाढ देताना याच नोंदी आधाराला येतात.

नोंदीचे महत्त्व उरणच्या वाहिनीनेही दाखवून दिले आहे. १७ मे १९९३ रोजी मुंबई हायहून उरणकडे येणारी तेलवाहिनी फुटली आणि हजारो टन तेल समुद्रात पसरले. जानेवारी २०११ मध्ये मुंबईपासून सुमारे ८० किलोमीटरवर पुन्हा गळती झाली. समुद्रतळावर पडलेली वाहिनी डोळ्यांआड असते. तिची प्रकृती केवळ मोजमापांतूनच कळते. झोळ घेणाऱ्या रायझरचा स्पर्शबिंदू तर त्याहून दहा-पंधरा पट खोल असतो. पाणबुडा तेथे पोहोचू शकत नाही. यंत्रमानवाचा कॅमेरा बाहेरचा रंग दाखवतो, सांध्यातील सूक्ष्म तडा दाखवत नाही. म्हणून तरंगत्या तळाची हालचाल, वरच्या टोकाचा ताण व प्रवाहाचा वेग यांची अखंड नोंद ठेवणे आणि ती मूळ विश्लेषणाशी पडताळून पाहणे हाच मार्ग उरतो. आराखडा करणारे कार्यालय, नळ जोडणारा कारखाना आणि वीस वर्षे तो वापरणारी संस्था या बहुधा वेगवेगळ्या असतात. त्यांच्यामध्ये नोंद हरवली, तर खतावणीची पाने हरवल्यासारखे होते. खर्च झालेलाच असतो. फक्त तो कोणास ठाऊक नसतो.

७. निष्कर्ष

उपर्युक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, मुंबई हाय येथील रायझर प्लॅटफॉर्मच्या सांगाड्याचा आश्रित होता. खोल समुद्रातील रायझर स्वतःच एक रचना बनला. त्यामुळे 'तो किती भार पेलेल?' या प्रश्नाची जागा 'तो किती काळ पेलेल?' या प्रश्नाने घेतली. दुसरी, शिणवट्याचे ज्ञान प्रत्येक टप्प्यावर माणसांच्या मृत्यूनंतर पुढे सरकले आहे. व्हर्साय व किलँड या नावांमागे हाच क्रम दिसतो, तर पाइपर अल्फा आणि मुंबई हाय यांनी रायझरच्या रक्षणाविषयी तोच धडा दिला. तिसरी, रायझरच्या आयुष्याचा आकडा हा भविष्यकथनासारखा वाटला तरी वस्तुतः तो इतिहासलेखनाचा प्रकार आहे. झालेल्या प्रत्येक लाटेचा, प्रत्येक दुरुस्तीचा व प्रत्येक दोषाचा त्यात समावेश व्हावा लागतो.

धातू आपला भूतकाळ विसरत नाही. तो वापरणाऱ्या संस्था मात्र अधिकारी बदलले, कंत्राटे संपली, संगणकप्रणाली बदलल्या की विसरू शकतात. या दोन स्मृतींमधील अंतर जेवढे वाढेल तेवढा प्लॅटफॉर्मवर राहणाऱ्या माणसांचा धोका वाढेल. उरण, न्हावा व पनवेल यांनी समुद्रातील तेलउद्योगाला जागा, मनुष्यबळ व विद्या दिली आहे. मुंबई हायच्या जुन्या प्लॅटफॉर्मच्या तपासण्या, मुदतवाढीचे हिशेब आणि २००५ च्या दुर्घटनेतील धडे यांचा सुव्यवस्थित अभिलेख या परिसरात जतन होणे आणि तो अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना व इतिहासाच्या अभ्यासकांना खुला होणे ही काळाची गरज आहे. त्या २२ जणांच्या स्मृतीला वाहिलेली ती अधिक अर्थपूर्ण आदरांजली ठरेल.